जानेवारीतलं मापन

निखतच्या कॉम्प्युटरसाठी माझ्याकडे अडतीस हजार रुपये होते. तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवून दोन वर्षांत तेवढेच साठले होते. त्यात काय काय बसवायचं ते ठरवायला मी वहीचं एक पान आखलं. डावीकडे भागाचं नाव, मग किंमत, मग तो किती वॉट घेतो, आणि शेवटच्या रकान्यात तो नसला तर काय बिघडेल. शेवटचा रकाना भरायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

निखत माझी धाकटी बहीण. त्या वर्षी, म्हणजे २०१९ साली, ती बावीस वर्षांची होती. मोबाईलवर ती पाच-पाच जणांच्या संघांचा एक नेमबाजीचा खेळ खेळायची, आणि चांगला खेळायची. किती चांगला ते आम्हाला कळत नव्हतं. पुण्याच्या एका संघाला कळलं. त्यांनी तिला चाचणीला बोलावलं, पण चाचणी कॉम्प्युटरवर होती. एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारी, दुपारी तीन ते सहा, आपापल्या घरून खेळायचं. तिन्ही दिवस एकाच जागेवरून आणि एकाच जोडणीवरून. खेळ चालू असताना तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ तुटला तर तो खेळाडू बाद. निवड झाली तर वर्षभर पुण्यात राहणं, खाणं आणि पगार.

अब्बांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "निवडली तं जाय. एक वर्ष मी कोनाचं आयकत नाई. नाई निवडली तं बाळापूरवाल्याइले रमजानच्या आधी हो म्हनून टाकू."

बाळापूरचा मुलगा वाईट नव्हता. निखतला त्याच्यात खोट काढायला सांगितली असती तर तिला ती काढता आली नसती. तिला फक्त त्याआधी एक वर्ष हवं होतं.

अम्मी गेल्यानंतर घरात आम्ही तिघंच. आमचं गाव दर्यापूर आणि अकोल्याच्या मधे, काळ्या जमिनीचं. अब्बांचं नाव रऊफ, पण गावात सगळे गादीवाले म्हणतात. घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची कापूस पिंजायची मशीन आहे. बोंडअळीच्या वर्षानंतर नवी गादी करून घेणारं गिऱ्हाईक जवळजवळ थांबलं होतं. लोक जुनीच गादी उसवून, तोच कापूस पुन्हा पिंजून नेत.

फेब्रुवारीत आम्ही दोघी बसने अकोल्याला गेलो. कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणाऱ्या जीवनचं दुकान एका झेरॉक्सवाल्याच्या वर, जिन्याच्या तोंडाशी होतं. मी वही काढून पॉवर सप्लायपासून सुरुवात केली. तो माझ्याकडे बघत राहिला.

"मॅडम, लोकं येतात आन् पयले डब्बा पाह्यतात. कोन्त्या रंगाचा उजेड पाडते ते. तुमी तं सीधा पॉवर सप्लायवर आल्या."

"बाकी सगळं त्याच्यावरच चालतं ना."

"चालते. पन दिसत नाई ना कोनाले."

"भाऊ, डब्बा बिनाउजेडाचा द्या," निखत म्हणाली. "कार्ड दाखवा."

त्याने एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड काढलं. पंख्याच्या पात्यांवर धुळीची रेघ होती. नागपूरच्या कुणीतरी ते आठ महिने दिवसरात्र चालवलं होतं, हे त्याने लपवलं नाही.

"इतकं राबवलेलं का घ्यायचं?" मी विचारलं.

"आतालोक मेलं नाई मॅडम, म्हंजे आता लवकर मरत नाई."

हा तर्क मला पटला नाही. किंमत पटली. ते घेतलं. प्रोसेसर, बोर्ड, जुना मॉनिटर, साधा कीबोर्ड, बरे हेडफोन, आणि पॉवर सप्लाय मात्र नवा आणि चांगला. त्याच्या पाठीवर दोनशे ते दोनशे चाळीस व्होल्ट लिहिलं होतं. दोनशे चौसष्टपर्यंत तो सोसेल असं सोबतच्या कागदात बारीक अक्षरांत होतं. सगळं धरून साडेतीन हजार उरले.

त्यात दोनपैकी एकच गोष्ट येत होती. रॅमची दुसरी पट्टी किंवा स्टॅबिलायझर.

"स्टॅबिलायझर घ्या," जीवन म्हणाला. "तुमच्याकडच्या लाइनचं काई खरं नसते."

मी वहीचं मागचं पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं. जानेवारीत मी कॉलेजातला मल्टिमीटर आणून सात दिवस घरातला व्होल्टेज मोजला होता. सकाळी, दुपारी आणि रात्री. सर्वांत कमी २२४, सर्वांत जास्त २३१, सरासरी २२८.

जीवनने बोट फिरवत सगळे आकडे वाचले. "हे तं आमच्या अकोल्यापेक्षाही सरळ हाय," तो म्हणाला. "मंग रॅमच घ्या."

निखतला रॅमच हवी होती. दुसऱ्या पट्टीने चित्र किती कमी अडकतं ते तिने दुकानातच खेळून दाखवलं. स्टॅबिलायझरसमोरच्या शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, "गरज नाही. नोंदी पाहाव्यात."

मापन बरोबर होतं. महिना चुकला होता.

*

मार्चभर निखत रोज संध्याकाळी सराव करायची. दिवसा मशीन चालू असायची आणि कापसाचा तूस घरभर उडायचा. दर रविवारी मी कॉम्प्युटरचा डबा उघडून ब्रशने पंखे साफ करायची. दर वेळी मुठीत मावेल इतका कापूस निघायचा. अब्बा ते पाहून म्हणायचे, "येक उशी भरते एवढ्यात."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी डीपी आहे. डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या बुडाशी जमिनीत अर्थिंगचा खड्डा आहे आणि खड्ड्याला लागूनच सार्वजनिक नळ. इतकी वर्षं बाया हंडे भरायच्या, सांडलेलं पाणी त्या खड्ड्यात मुरायचं, आणि माती ओली राहायची. कुणी मुद्दाम करत नव्हतं आणि कुणाच्या ध्यानातही नव्हतं. माझ्याही नव्हतं. त्या साली मार्चमध्ये नळ कोरडा पडला. टँकर शाळेजवळ यायला लागला, बारा दिवसांनी एकदा. एप्रिलच्या मध्यापर्यंत काळी जमीन इतकी भेगाळली की डीपीच्या बुडाशी माझं मनगट जाईल एवढी भेग होती. मी घालून पाहिलं.

पहिल्यांदा सांगितलं ते शेजारच्या मनकर्णाबाईंनी. "शाइस्ता, माह्या घरचे लाइट आजकाल भल्ले चमकून राह्यले. समोरच्या आळीत पंखा फिरत नाई म्हनतात. हे काय होय?"

मी मल्टिमीटर पुन्हा आणला. २४१. दोन दिवसांनी २४७.

काय होत होतं ते मला समजत होतं. डीपीतून तीन तारांनी वीज निघते आणि चौथ्या तारेने परत येते. ती चौथी तार जमिनीला पक्की धरून असते, म्हणून तिन्ही तारांवर व्होल्टेज सारखा राहतो. जमीन कोरडी पडली आणि त्या तारेचा जोड ढिला झाला की तो आधार सुटतो. मग ज्या तारेवर कमी उपकरणं चालू असतात तिच्यावर व्होल्टेज चढतो आणि दुसरीवर उतरतो. आमच्या आळीत सगळ्यांकडे कूलर होते, पण कूलरमध्ये घालायला पाणी नव्हतं. म्हणून ते बंद होते; समोरच्या आळीतली पिठाची गिरणी मात्र दिवसभर चालायची. म्हणून आमच्याकडे व्होल्टेज चढत होता.

लाइनमन खुशालराव मला शाळेच्या ओट्यावर भेटले. अकरा गावं त्यांच्या एकट्याकडे होती. मी त्यांना आकडे दाखवले. त्यांनी ते नीट पाहिले.

"बरोबर हाय बाई तुमचं. जोड घट्ट करा लागते, आन् खड्ड्यात पानी टाका लागते. दोन-चार ड्रम."

"मग?"

"टँकरचं पानी मानसाले पुरत नाई, डीपीले कोठून आनू? आन् जोडाले लाइन बंद करा लागते, त्याची परवानगी सोमवारची भेटली. सोमवारी येतो म्हंजे येतोच."

"चाचणी रविवारी संपते."

"कायची चाचनी?"

मी सांगितलं. ते हसले नाहीत. "सोमवारच्या आधी नाई होत वो," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या घरातलं भांड्यांचं, कपड्यांचं आणि अब्बांच्या नमाजाआधीच्या वजूचं पाणी आम्ही घमेल्यात धरू लागलो. संध्याकाळी मी दोन बादल्या डीपीच्या खड्ड्यात ओतायची. भेग ते पाणी गिळायची आणि वर ओलसुद्धा दिसायची नाही.

"गादीवाल्याची मोठी पोट्टी डीपीले पानी देऊन राह्यली," ओट्यावरचे म्हातारे म्हणायचे. "फुलं कधी येतात वो बाई?"

"सोमवारी," मी म्हणायची.

*

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आल्यावर अब्बांनी शेडला कुलूप लावलं.

"तीन दिवस मशीन बंद," ते म्हणाले. "नाईतं हिच्या पंख्यात कापूस जाईन आन् पोट्टी म्हनीन अब्बामुळं गेलं."

निखतने त्यांच्यासाठी चहा केला. पाण्याची टंचाई होती, तरी तो पूर्ण कप केला.

त्या आठवड्यात अकोल्याचं तापमान सत्तेचाळीसवर होतं. गोणपाटं ओली करायला पाणी नव्हतं म्हणून आम्ही ती खिडकीला कोरडीच लावली. मोबाईलचं नेट खिडकीच्या एका कोपऱ्यात चांगलं धरायचं, तिथे मोबाईल दोरीने बांधला. निखत खेळायला बसली, आणि मी तिच्या मागे, मल्टिमीटर मांडीवर घेऊन, दाराशी. दाराच्या वरच घराचा मेन स्विच होता. आम्ही दोघींनी ठरवलं होतं, २६४. त्याच्या वर गेलं की मी बंद करायचं आणि तिने भांडायचं नाही.

शुक्रवारी २५२ ते २५६. ती तीन तास खेळली. तिचे हात एरवी भाजी चिरतानाही घाई करतात. कीबोर्डवर ते इतके शांत होते की मी एक-दोनदा मीटर सोडून तिच्या हातांकडे बघितलं. रात्री नऊला निरोप आला, चोवीस जणांतून दहा उरले, त्यात ती होती.

शनिवारी २५५ ते २६१. दहातून सहा उरले. त्यात ती होती. सहांतून दोन घेणार होते.

शनिवारी संध्याकाळी मी वही घेऊन बसले. गुरुवारी दुपारी २४९ होतं आणि शुक्रवारी दुपारी एकदम २५४. चोवीस तासांत माती एवढी वाळत नाही. गुरुवार आणि शुक्रवारमध्ये काय बदललं ते मी शोधत होते. मग माझी नजर शेडच्या कुलपावर गेली.

दोन अश्वशक्तीची मोटर. आमच्या आळीत दुपारी चालू असलेली एकच मोठी गोष्ट तीच होती, आणि ती अब्बांनी निखतसाठी बंद केली होती.

मी त्यांना सांगितलं. त्यांना दोनदा सांगावं लागलं, कारण मशीन चालू केल्याने व्होल्टेज कमी होतो ही गोष्ट ऐकायला उलटी वाटते.

"म्हंजे मी बंद केली म्हनून चढलं?"

"थोडं त्याच्यामुळे. सगळं नाही."

ते शेडकडे बघत म्हणाले, "मंग उद्या चालवतो. पन पिंजू काय? गिऱ्हाइकाचा कापूस नाई. आन् रिकामी चालवली तं पट्टा उडते तिचा."

मी त्याआधी स्टॅबिलायझरसाठी जीवनला फोन लावला होता. तो घरच्यांना घेऊन सेमाडोहला गेला होता आणि तिथे जंगलात फोन लागत नव्हता. रविवारी सकाळी मी काळीपिवळी जीपने दर्यापूरला जाऊन आले. तीन दुकानं पाहिली. सगळीकडे लाइनची हीच रड होती, एप्रिलमध्ये होते तेवढे स्टॅबिलायझर विकले गेले होते. मंगळवारी माल येणार होता.

परत आले तेव्हा अब्बा अंगणात बसून गादी उसवत होते. आमच्याच घरातली, अम्मीची. तिच्या खोळीवर अम्मीने पिवळ्या दोऱ्याने घातलेले टाके होते. ते त्यांनी कापले नाहीत, एकेक करून उकलले.

"याच्यात अठरा किलो हाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "दोन तास पुरते. संपला तं पुन्हा पिंजतो."

*

तीनला मशीन सुरू झाली. मीटरवर २६० होतं, ते २५१ झालं. मी निखतच्या पाठीवर हात ठेवला. तिने मागे न बघता मान हलवली.

शेडमधून तूस येत होता. कापूस जुना आणि बारीक झालेला होता, तो गोणपाटांच्या फटींतून आत यायचा आणि मॉनिटरच्या उजेडात तरंगायचा. डब्याच्या पुढच्या जाळीवर त्याचा थर धरत होता. मी दर पंधरा मिनिटांनी तो हाताने पुसून काढत होते. कार्डाचं तापमान पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचं, ८१, ८३, ८४. तेवढं चालण्यासारखं होतं.

चार वाजता २५३. पावणेपाचला २५५. मनकर्णाबाई दारात येऊन म्हणाल्या, "मी बी इस्त्री लावली वो. तुह्या अब्बानं सांगतलं. सगळे लुगडे झाले, आता टावेल घेतले." आणि खरंच, त्यांची इस्त्री तापली की ती आपोआप बंद व्हायची आणि माझा आकडा दोनाने चढायचा, पुन्हा लागली की दोनाने उतरायचा. मी ते बघत होते. मला आठवतं की मला थोडं हसू आलं होतं.

साडेपाचला शेवटची फेरी सुरू झाली. निखतच्या संघात ती आणि आणखी एक मुलगा उरले होते, समोर तीन. ती एका भिंतीमागे थांबली होती. हेडफोनमध्ये ती हळू आवाजात त्याला काहीतरी सांगत होती, कोपरा, खिडकी, थांब.

पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी मीटर २५६ वरून २८८ वर गेला.

मधले आकडे मी पाहिले नाहीत. ते नव्हतेच. जोड पूर्ण सुटला होता. वरचा बल्ब पांढरा झाला. मी उठले. दारावरचा मेन स्विच माझ्यापासून एक हात अंतरावर होता. शेडचा वीजमीटर वेगळा, त्याचा स्विच शेडच्या आत, अंगण ओलांडून, सोळा पावलांवर.

"आपा," निखत म्हणाली, "दोन मिनिट. दोनच."

मी स्विच खाली केला.

खोलीत अंधार झाला नाही, बाहेर अजून ऊन होतं. फक्त पंख्यांचा आवाज थांबला, आणि मग मला शेडमधल्या मोटरचा आवाज ऐकू आला. तो नेहमीचा नव्हता. मी धावले. माझ्या आधी निखत धावली, हेडफोन गळ्यातच होते. आम्ही शेडच्या दारात पोचलो तेव्हा आवाज बंद झाला होता आणि जळालेल्या वार्निशचा वास येत होता. अब्बांनी मोटरवर हात ठेवून पाहिला आणि लगेच उचलला. त्यांच्या भुवयांवर, दाढीवर कापूस होता.

"तुमचं चालू हाय ना?" त्यांनी विचारलं. "माहं थांबलं. तुमचं चालू हाय ना?"

निखतने माझ्याकडे पाहिलं. तिने उत्तर दिलं. "हाव अब्बा. झालं. संपलं होतं आमचं."

मनकर्णाबाईंचे दोन बल्ब आणि टीव्ही गेला. समोरच्या आळीत सगळं मंद झालं आणि मग कुणीतरी डीपीचा खटका पाडला. वीज रात्रभर आली नाही.

*

खुशालराव सोमवारी सकाळी आठला आले. म्हणाले होते तसे. त्यांनी जोड कसला आणि कुठूनसे तीन ड्रम पाणी आणून खड्ड्यात ओतलं. बाया लांबून ते पाणी जाताना बघत होत्या. नंतर मी मोजलं, २३३.

कॉम्प्युटरचा एकही भाग बदलावा लागला नाही. मी तो पूर्ण उघडून तपासला, प्रत्येक भाग वेगळा करून. आठ महिने राबलेलं कार्डसुद्धा ठीक होतं. मोटरचं वाइंडिंग जळालं होतं. ते अकोल्याला नेऊन करून घेतलं. त्यात पंधरा दिवस गेले, आणि तेवढे दिवस अब्बांनी काठीने, हाताने कापूस पिंजला, लहानपणी शिकले होते तसा.

संघाचा निरोप सभ्य होता. खेळ चांगला आहे, पण नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.

बाळापूरला होकार शुक्रवारी गेला. निखतने स्वतःच अब्बांना आठवण करून दिली, कारण ते तो विषय काढत नव्हते. मी तिला म्हटलं, मी आधी शेडकडे धावले असते तर निदान मोटर वाचली असती, किंवा दोन मिनिटं थांबले असते तर निदान तुझी फेरी झाली असती. दोन्हीतलं एक तरी.

"दोन मिनिटांत काय झालं असतं, सांगता येते का?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग लिहू नको ते," ती म्हणाली. तिला माझी वही माहीत होती.

अम्मीच्या गादीचा कापूस एकदा पूर्ण आणि अर्धा दुसऱ्यांदा पिंजला गेला होता. अब्बांनी त्याची निखतसाठी नवी गादी भरली. खोळ तीच, पिवळे टाके नव्याने, पण त्याच भोकांतून. लग्नानंतर ती गादी बाळापूरला गेली. कॉम्प्युटर तिने नेला नाही. तिकडे ठेवायला जागा नाही, म्हणाली. जागा होती. मी पाहिली आहे.

तो अजून माझ्या टेबलाखाली आहे. मी त्यावर प्रश्नपत्रिका टाइप करते. एवढ्या कामाला तो फारच जास्त आहे, पंखे फिरतसुद्धा नाहीत. पुढच्या जानेवारीत, का कोण जाणे, मी कॉलेजातून मल्टिमीटर आणला आणि सात दिवस मोजलं. सकाळी, दुपारी आणि रात्री. सरासरी २२८ आली.